चवीच्या वहीची मागची पानं

साहेबांनी वही मागून उघडली.

शाळेच्या व्हरांड्यात पोरं दोन ओळींत जेवायला बसली होती. मी खिचडी वाढत होते. साहेब म्हणजे तालुक्याहून तपासणीला आलेले अधिकारी. हेडमास्तरांची खुर्ची बाहेर आणून त्यांना दिली होती. पुढची पानं चाळून त्यांना कंटाळा आला असावा. सगळीकडे एकच शेरा. चव चांगली. चव चांगली. चव चांगली. म्हणून त्यांनी वही उलटी केली आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"क्षितिज. आभाळ जमिनीला टेकल्यासारखं दिसते ती रेघ. वाक्य : आमच्या वावरातून चारही बाजूंनी क्षितिज दिसते, पण तिथं जाऊन आलेलं कोणी नाही." त्यांनी मान वर केली. "अरे वा! खिचडीत कवी पडला का, हेडमास्तर?"

हेडमास्तर हसले. वर्गावरच्या मॅडम हसल्या. मोठे हसले म्हणून पोरं हसली.

ते अक्षर माझं होतं.

मी कोण ते सांगते. सातवी पास. गाव अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातलं. आमची वस्ती गावाच्या पूर्वेला आहे. एवढं सांगितलं की आमच्याकडे जात सांगावी लागत नाही. नवरा हंगामात वरूडला संत्र्याच्या पेट्या भरायला जायचा. मी वेचणीला, निंदणीला जायचे. शाळेत शिजवलेली खिचडी सुरू झाली, तेव्हा ते काम मला मिळालं. काही घरांनी आपल्या पोरांना डबे द्यायला सुरुवात केली. मी ते पाहिलं आणि काम करत राहिले.

खिचडी वाढण्याआधी एका शिक्षकानं ती चाखायची, वहीत शेरा लिहायचा आणि सही करायची, असा नियम होता. त्या वहीला सगळे चवीची वही म्हणत. आमच्या शाळेत हेडमास्तर सोमवारी सकाळीच शनिवारपर्यंतचे शेरे लिहून टाकत. तेव्हा माझी चूलही पेटलेली नसे. माझ्या हातचं त्यांच्या तोंडात कधी गेलं नाही. वही मात्र स्वयंपाकखोलीतच, मिठाच्या डब्यावर ठेवलेली असे. नियमच तसा होता.

आमच्या बोरचं पाणी खारं. त्यात डाळ लवकर शिजत नाही. आधण आल्यावर तासभर बसून राहावं लागे. त्या साली शाळेला गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी आली. माझी पोरगी सातवीत होती. तिनं त्यातली एक कादंबरी आणली. मुलांसाठी लिहिलेली. समुद्रकाठच्या दीपगृहात बापाबरोबर राहणारी एक मुलगी आणि तिला सापडलेली फुटकी होडी, अशी गोष्ट. पोरगी वर्गात गेली की मी ते पुस्तक चुलीपाशी वाचायची. मी समुद्र पाहिलेला नव्हता. दीपगृह काय ते माहीत नव्हतं. पानापानाला अडायची. शेवटी कठीण शब्दांचे अर्थ दिले होते आणि खाली लिहिलं होतं : हे शब्द वापरून स्वतःचं वाक्य तयार करा.

स्वतःचं. मला ते फार आवडलं.

मला यादी करायची सवय आधीपासून. बाजाराची, लग्नाच्या आहेराची, कोणाकडे किती दिवस वेचणी केली त्याची. हाताशी कागद नव्हता. चवीची वही होती. मागची पानं कोरी होती. मी रोज तीन शब्द लिहायची. शब्द, अर्थ, वाक्य. भरती. ओहोटी. अचंबा. निक्षून. एकेक शब्द कामाला लावून पाहायची, नवा विळा घेतला की आधी थोडं गवत कापून पाहतो तसा. अकरा पानं झाली होती.

साहेबांनी पुढचं पान उलटलं.

"हुरहूर," ते नाटकातल्या बाईसारखा आवाज काढून म्हणाले. "सांज झाली आणि माणूस वावरातून घरी आला नाही, की बाईच्या जिवाला हुरहूर लागते."

त्या वर्षांत आमच्या भागात हे वाक्य हसण्यासारखं नव्हतं. वेळेवर घरी न आलेल्या माणसाला शोधायला गाव निघे. कधी तो पारावर बसलेला सापडे. कधी असा सापडे की बाया तिथूनच टाहो फोडत. व्हरांड्यात बसलेल्या पोरांमध्ये अशा दोन घरांची पोरं होती. ती हसली नाहीत. ताटाकडे पाहत राहिली. साहेब मात्र हसले.

मग ते वाक्य आलं.

"अलिप्त. कशातही न मिसळणारा. वाक्य : आमचे हेडमास्तर चव न घेताच सही करतात, ते खिचडीपासून अलिप्त आहेत."

हसणं थांबलं. मला वाटलं, आता साहेब विचारतील, हे खरं आहे का? त्यांनी विचारलं नाही. ते आधीपेक्षा जोरात हसले. मांडीवर थाप मारून. "हेडमास्तर, सापडले तुम्ही! कोणत्या पंडितानं लिहिलं हे?"

हेडमास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, वही तुझ्यापाशी असते. कोणी लिहिलं?"

त्यानंतर मी जे केलं, ते क्रमानं सांगते. क्रम माझ्या लक्षात पक्का आहे.

आधी मी हसले. त्यांच्याबरोबर, त्यांच्यासारखी. मग पदर तोंडाला लावला. मग हात वर करून दुसऱ्या ओळीत बसलेल्या माझ्या पोरीकडे बोट दाखवलं.

"पोरीनं लिहिलं असन, साहेब. तिले लई नाद हाय पुस्तकाचा."

पोरीच्या हातात घास होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. ते अक्षर कोणाचं हे तिला माहीत होतं. मी लिहिताना ती कितीदा माझ्या खांद्यावरून वाकून पाहायची.

हेडमास्तर म्हणाले, "उभी राह्य. तूच लिहिलं?"

ती उभी राहिली. "हो सर. मीच लिहिलं."

"सरकारी वही खराब करते? फाड ते पानं. आपल्या हातानं फाड अन् चुलीत टाक."

तिनं अकरा पानं फाडली. एकेक, शिवणीपासून, नीट. स्वयंपाकखोलीत जाऊन माझ्या चुलीत टाकली. मी तिला अडवलं नाही. भांड्यात खिचडी शिल्लक होती. मी ओळीतल्या उरलेल्या पोरांना वाढली.

साहेबांनी निघताना शेरा लिहिला. आहाराचा दर्जा समाधानकारक.

त्या दिवसापासून तिला पेटीतलं पुस्तक मिळणं बंद झालं. दीपगृहाची कादंबरीही परत घेतली. माझी तीस पानं वाचायची राहिली होती. वाटेनं पोरं तिला चिडवायची, "ए अलिप्त! अलिप्त, कुठं चालली वं?" घरी ती भाकर खायची, धुणं धुवायची, आणि माझ्याशी बोलायची नाही. रागानं भांडली असती तर बरं झालं असतं. चौथ्या दिवशी मीच विचारलं, "काहून बोलत नाहीस माह्याशी?"

ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "तू म्हटलं तसं मी हो म्हटलं न, माय. आता अजून काय म्हणू?"

लोकांनी माझा अपमान आधीही केला होता. पाणी वरून ओतलं होतं, घरात बोलावलं नव्हतं. तेव्हा लाज त्यांची होती. या वेळी लाज माझी होती. पूर्ण माझी. साहेबांनी माझ्या वाक्यांना हसून घेतलं, ते त्यांचं पाप. पण मी ती वाक्यं टाकून दिली. जी गोष्ट मी जन्मात पहिल्यांदा स्वतःची म्हणून केली होती, ती माझी नाही असं मी चारचौघांत सांगितलं, आणि तिची शिक्षा बारा वर्षांच्या लेकराच्या अंगावर टाकली. ते लेकरूही कोणाचं, तर माझंच.

शुक्रवारी तिच्या हाती एक कागद आला. हेडमास्तरांनी लिहिलेला. 'माझ्या पाल्याने शासकीय नोंदवहीत असभ्य मजकूर लिहिला, त्याबद्दल क्षमा असावी.' खाली माझी सही हवी होती. शनिवारी परिपाठाच्या वेळी पोरीनं तो सगळ्यांसमोर वाचायचा होता.

मी तो कागद तीनदा वाचला. असभ्य हा शब्द मला तोवर माहीत झाला होता. तो त्या मजकुराला लागू नव्हता. मी सही केली नाही.

शनिवारी प्रार्थना झाली. हेडमास्तरांनी पोरीला पुढे बोलावलं. मी स्वयंपाकखोलीतून निघाले. हात डाळीचे होते, ते पुसले. पोरांच्या ओळींमधून चालत पुढं गेले आणि तिच्या हातातून कागद घेतला.

"बाई, तू तिकडे खिचडीकडे पाह्य," हेडमास्तर म्हणाले.

"पाह्यतो सर. आधी हे आयका." माझा आवाज कापत होता. मी तो कापू दिला. "हे इनं लिहिलं नाही. मी लिहिलं. सगळं मीच लिहिलं. साहेबासमोर मी खोटं बोलली. इनं माह्यासाठी खोटं कबूल केलं. माफी मागाची त मी मागतो. वही खराब केल्याची मागतो, अन् ह्या पोरीची मागतो. पण त्याच्यात असभ्य काही नव्हतं. अन् खोटंही नव्हतं. खोटं असन त आजची खिचडी होऊ द्या. सगळ्याईच्या समोर चाखा, मंग सही करा."

मॅडम जमिनीकडे पाहत होत्या. हेडमास्तर एवढंच म्हणाले, "सोमवारपासून येऊ नको." आणि पोरांना वर्गात पिटाळलं.

त्या दिवशी त्यांनी खिचडी चाखली नाही. पुढच्या महिन्यात माझ्या जागी दुसरी बाई आली, जिच्या हातचं डबे देणाऱ्या घरांनाही चालायचं. मी पुन्हा वेचणीला गेले.

पोरीशी माझं बोलणं सुरू झालं. पण पहिल्यासारखं नाही. मी रीतसर माफी मागितली, तर ती "असू दे" म्हणाली. असू दे म्हणजे माफ केलं, असं मी धरत नाही. आज ती तीस वर्षांची आहे, अकोल्यात नोकरी करते, तिला स्वतःची मुलगी आहे. मी अमरावतीत मुलींच्या एका वसतिगृहाची कोठी सांभाळते. आम्ही फोनवर सगळं बोलतो. त्या दुपारबद्दल बोलत नाही.

तरी मी हे लिहिते आहे. तिला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही, पण पूर्ण लिही." म्हणून माझं हसणं लिहिलं, बोट दाखवणं लिहिलं. आता कोणीही हे वाचून दाखवावं, कुठल्याही सभेत, कुठल्याही आवाजात. कोणी लिहिलं म्हणून विचारलं, तर मी उभी राहीन. काम गेलं तर जाईल. माझ्या लिहिण्याची शिक्षा दुसऱ्या कोणाला भोगू देणार नाही. आणि लिहिणं बंद करणार नाही.