तेरावा आटा

ती दोघं अजून तशीच माझ्या डोळ्यांपुढून जातात — पांढऱ्या धुळीची वाट, सायकलच्या कॅरिअरवर एका अंगाला पाय सोडून बसलेली माझी माय, हिरव्या लुगड्याचा पदर तोंडाशी धरलेला, मांडीवर धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला दवाखान्याचा कागद, आणि पुढे वाकून पायडल मारणारे बाबा. मायची एक मूठ बाबांच्या सदऱ्यात घट्ट रुतलेली असायची. मळ्याच्या टोकाला चिंचेच्या सावलीत दोघं क्षणभर नाहीशी होत, पलीकडे ठिपक्याएवढी पुन्हा दिसत... आणि मग नुसती धूळ उरे. तीही हळूहळू कांद्याच्या पांढऱ्या बोंडांवर बसून जाई.

दवाखाना पिंपळगाव राजाला, आमच्या गावापासून सहा मैलांवर होता. राज्य नवं होतं, शाळेत नवी फूटपट्टी आली होती, तिच्या एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटीमीटर. रस्ता मात्र जुनाच होता. मायच्या छातीत क्षयानं घर केलं होतं. डॉक्टरांनी नव्वद सुया सांगितल्या होत्या, रोज एक, आणि बाबांना समोर बसवून बजावलं होतं की मध्ये खंड पडला तर रोग औषधाला ओळखून घेतो, मग ऐकत नाही. सुई गावात पाठवायची सोय नव्हती. जायला हवं होतं, रोज, दवाखाना चारला बंद व्हायच्या आत. परत आली की माय चुलीमागच्या भिंतीवर गेरूचा एक ठिपका काढी. दहा-दहाच्या नऊ ओळी व्हायच्या होत्या. स्वयंपाकघरात भाकरीच्या खरपूस वासात ओल्या गेरूचा मातकट वास मिसळे, आणि मी ठिपके मोजून उरलेले सांगे. ते माझं काम होतं. चौथीच्या वर्गात गणितात मी पहिली होते.

सायकल विलायती होती. कापसाच्या जिनिंगमधल्या एका साहेबाच्या बंगल्याची बाग बाबांनी बरीच वर्षं राखली होती. देश सोडताना तो ती बाबांना देऊन गेला. तिच्यावरची अक्षरं झिजून गेली होती, पण काळा रंग आरशासारखा होता, आणि तिला तेलाचा, चामड्याचा आणि कॅरिअरवर बांधलेल्या कोथिंबिरीच्या जुड्यांचा असा मिळून एक वास होता, जो पुढे मला कुठेच भेटला नाही.

एक्कावन्न ठिपके झाले त्या दिवशी सायकल परतीच्या वाटेत बसली. काही दिवस पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला टक्... टक्... असा आवाज येत होताच. पायडलचा दांडा ज्या नळीतून आरपार जातो, तिच्या दोन्ही तोंडांना पोलादाच्या दोन वाट्या आट्यांनी, म्हणजे स्क्रूवर असतात तशा गोल खाचांनी, घट्ट बसवलेल्या असतात, आणि वाट्यांत छर्रे फिरतात. त्यातली एक वाटी तडकली होती. बाबांनी मायला कॅरिअरवरच ठेवून सायकल ढकलत घरी आणली. पुढचे दोन दिवस तसंच — सहा मैल जाताना, सहा येताना, वैशाखाच्या उन्हात, दोन्ही टाचांना फोड. बावन्न. त्रेपन्न. गावात दुसरी सायकल ग्रामसेवकाची होती, आणि तो सायकलसकट रजेवर गेला होता. बैलगाडीचे हादरे मायच्या छातीला सोसत नसत.

चोपन्नाव्या दिवशी मामा येणार होता. तो आमचीच भाजी गाडीनं खामगावच्या बाजारात नेत असे. तिथल्या सायकल दुरुस्तीवाल्या युसूफ मिस्त्रींकडून वाटी आणतो म्हणाला होता. वाटी आली की तासाभरात पोचू, म्हणून बाबा त्या दिवशी सकाळी निघाले नाहीत. सायकल अंगणात उलटी ठेवून त्यांनी तडकलेली वाटी बाहेर काढली. छर्रे धुळीत सांडले. एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला अकरा. मी बावीसच्या बावीस वेचून तेलाच्या बशीत ठेवले.

मामा बाराच्या सुमाराला आला तो ओरडतच. "भाऊजी, तुमची सायकल म्हंजे मेमसाब हाय पाह्य! मिस्त्री म्हने, देसी वाटी तिले मानवते का नाई, सांगता येत नाई."

"मंग आनली काऊन?" बाबा म्हणाले.

"आनली म्हंजे! त्याच्याजवळ हेच होती. म्हने, जुन्या विलायती गाड्याईचे आटे अलग राह्यतात. दोन्ही वाट्याईचे आटे मोजा, सारखे भरले तरच पाना लावा. जबरीनं बसवली तं फ्रेम मरते म्हने."

बाबांना जवळचं बारीक दिसत नसे. त्यांनी दोन्ही वाट्या माझ्या तळहातावर ठेवल्या. "सुमे, तुह्ये डोळे चांगले हायेत. मोज बरं."

मी ओट्यावर उन्हात बसले. एका हातात फूटपट्टी, दुसऱ्या हातात मायची शिवणाची सुई. अर्ध्या इंचात किती आटे बसतात ते पाहायचं होतं. नव्या वाटीवरून सुईचं टोक एकेका खाचेतून नेलं — बारा. मग जुन्या वाटीवरून नेलं.

तेरा.

पुन्हा मोजले. तेरा. कडेचा पहिला आटा झिजलेला होता, निम्मा दिसत होता, निम्मा नव्हता. तो सोडला की बारा भरत होते. तो धरायचा की सोडायचा... मला ठाऊक होतं. झिजला तरी आटा तो आटाच. पण समोर भिंतीला टेकून माय बसली होती, लुगडं नेसून, कागद घेऊन, तयार. अंगणातली कडुनिंबाची सावली पायाखालून सरकत होती. आणि बाबा हातात पाना घेऊन माझ्या तोंडाकडे पाहत होते, त्यांच्या टाचांना बांधलेली फडकी लाल झाली होती. मी म्हणाले असते तेरा, तर ते त्याच टाचांनी पुन्हा ढकलत निघाले असते.

"किती गं, बाई?" बाबांनी विचारलं.

"बारा," मी म्हणाले. "दोन्ही बारा."

वाटी दीड फेरा अलगद गेली. मग अडली. बाबांनी काढून तेल लावलं, पुन्हा बसवली, पुन्हा तिथेच अडली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हिशोबावर त्यांना शंका घ्यायची नव्हती. मामानं पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली. "सरका भाऊजी. विलायती हाय, लाडानं नाई, जोरानंच आयकीन!" सायकलच्या नळीतून एक कर्कश आवाज निघाला आणि चंदेरी, केसासारखा बारीक कीस धुळीत पडू लागला. मला वाटलं, रंग असेल... मी मला तसंच वाटू दिलं. वाटी आत गेली, थोडी तिरपी. माय हसली. कितीतरी दिवसांनी हसली. अडीचला ती दोघं निघाली.

दोन मैलांवर वाटी आपले आणि नळीचे आटे घेऊन बाहेर आली. उरलेले चार मैल बाबांनी मायला ढकलत नेलं. पोचले तेव्हा साडेचार झाले होते. हे गणित मी पुढे किती वेळा मांडलं असेल — मी तेरा म्हटलं असतं आणि भर दुपारी ढकलत निघाले असते, तर अडीच-तीनपर्यंत दारात असते. त्यात कुठेही चूक निघत नाही.

परत आल्यावर माय भिंतीपाशी गेली, गेरूत बोट बुडवलं आणि थांबली. "जागा सोडाव लागते," ती म्हणाली. "चुकल्या दिवसाची जागा भरू नाई." चोपन्नावी जागा कोरी राहिली.

दुसऱ्या दिवशी बाबा मायला नाइलाजानं बैलगाडीनं घेऊन गेले, आणि मामा उघडी सायकल भाजीच्या गाडीवर टाकून खामगावला निघाला. मलाही त्यानं बरोबर घेतलं. पोट्टीले आट्याईतलं समजते म्हणाला. मिस्त्रींच्या दुकानात रबराचा, घासलेटाचा वास कोंडला होता. त्यांनी नळीतून बोट फिरवलं, बोटाला लागलेला कीस पाहिला, आणि दोन्ही वाट्या हातात घेऊन एकीचे आटे दुसरीच्या आट्यांवर टेकवून उजेडापुढे धरल्या. एका टोकाला दातात दात बसले होते. दुसऱ्या टोकाला फटीतून ऊन दिसत होतं.

"असं पाहाचं राह्यते, बापा," ते म्हणाले. "नुस्तं उजेडात धराचं."

मोजायची गरजच नव्हती! उजेडात धरलं असतं तर मला काही सांगावंच लागलं नसतं.

"मोजले कोनं होते?"

"हे काय, आमची भाची. चौथीत पयली हाय!" मामा म्हणाला.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "बारीक असतात, बेटी. चुकते," म्हणाले, आणि जुनी वाटी माझ्या हातात देऊन वळले. मी चुकले नव्हते. ते मला त्यांना सांगता आलं नाही.

नळीत दुसरी नळी ठोकून तिच्यात नवे आटे पाडायचे होते. दोन दिवस म्हणाले होते, पण आटे पाडणारा लेथवाला बहिणीच्या लग्नाला गेला आणि आठ दिवस लागले. बाबा सायकलवर असताना प्रत्येक खड्डा चुकवत. बैलगाडीची चाकं चाकोरीतूनच जातात, चुकवायचं म्हटलं तरी चुकवता येत नाही. दोन दिवस माय गाडीतून गेली. दुसऱ्या दिवशी येताना तिच्या पदरावर रक्त पडलं, आणि बैलगाडी बंद झाली. मग भिंतीवर एक कोरी जागा, दुसरी, तिसरी... सहा. आधीची एक. सात.

सायकल आल्यावर नव्वद पुरे झाले. आषाढात ताप फिरून आला. सुया पुन्हा सुरू झाल्या, पण आता त्या लागू पडत नव्हत्या. सात दिवसांमुळेच असं झालं का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. सांगता येत नाही, एवढंच म्हणाले. मी पुराव्याशिवाय बेरीज करणारी बाई नाही. तरीही ती बेरीज माझ्या मनात आपोआप होत राहते, आणि ती थांबवायची रीत मला आजवर सापडलेली नाही.

हरभऱ्याला घाटे धरले होते तेव्हाची गोष्ट. माय अंगणात उन्हाला बाजेवर पडली होती आणि मी तिचे केस विंचरत होते. फणीत केसच केस येत होते. बाबा मोटेवर होते, त्यांची हाक विहिरीवरून ऐकू येत होती. मायनं डोळे न उघडता म्हटलं, "सुमे, त्या दिवशी तू तेरा मोजले होते."

माझा हात थांबला.

"मी तुह्ये ओठ पाहून राह्यली होती. दोन खेपा तेरा."

"मंग तू बोलली काऊन नाई, माय?"

 हरभऱ्याच्या आंबट वासाची झुळूक आली आणि गेली.

"मलेही जायचं होतं, बाई," ती म्हणाली. "चोपनवा ठिपका काहाडाचा होता." मग थोड्या वेळानं, "तुह्या बाबाले सांगू नको. त्याईले तुह्या हिशोबाचा लय भरोसा हाय." मी हो म्हटलं.

माघात ती गेली.

बाबांनी ती सायकल पुढे बावीस वर्षं चालवली. नळीत बसवलेली ती दुसरी नळी एकदाही टकटकली नाही. गावात कुणाचंही मोजमाप अडलं की ते म्हणायचे, "आमच्या सुमनले इचारा, तिचा आकडा कधी चुकत नाई." मी मान खाली घालून मोजून द्यायचे. त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. मायला शब्द दिला होता. आणि शब्द दिला नसता तरी सांगितलं असतं का, हे मी खात्रीनं लिहू शकत नाही.

चुलीमागची भिंत दरसाल सारवली गेली, घर पुढे नव्यानं बांधलं गेलं, ठिपके गेले. मी माझ्या घरात गोळ्या दोनदा मोजते, बादल्या मोजते, जिन्याच्या पायऱ्या मोजते. मुलं हसतात, हसू देते. शिवणाच्या डब्यात सुयांच्या खाली ती वाटी आहे. तिला आता तेलाचा वास येत नाही, कसलाच येत नाही. दुपारी घरात कुणी नसलं की चष्मा लावून मी ती खिडकीशी नेते आणि सुईचं टोक एकेका खाचेतून फिरवते... सावकाश, कुणाची वाट अडलेली नसल्यासारखं, कडेचा तो झिजलेला पहिला आटा धरून.

तेरा.