मिस एल्डाच्या झाडावरचे दात

आमच्या टॅनर्स गॅप गावातल्या कुठल्याही पोराला विचारा, तो शपथेवर सांगेल की मिस एल्डा हॉकेनबरी मुलांचे दात झाडाला टांगते. एकतीस वर्षं तिने शाळेची नऊ नंबरची बस चालवली, तेवढ्या काळात बसमध्ये जितके दुधाचे दात पडले तितके गोळा केले, आणि आता ऑक्टोबरअखेर भुताखेतांचं हॅलोवीन आलं की ते काळ्या झाडावर लावून खिडकीत ठेवते. आमच्या शेजारचा आठ वर्षांचा ब्रॉक तर आकडासुद्धा सांगतो. दोनशे सहा. हा आकडा त्याने वर्गात लावलेल्या मानवी हाडांच्या तक्त्यावरून उचललाय हे मला माहीत आहे, पण सांगताना तो डोळे असे बारीक करतो की क्षणभर आपणही जिभेने आपले दात चाचपून बघतो.

तर ते दात नाहीत. भोपळ्याच्या बिया आहेत. धुऊन, ओव्हनमध्ये कोरड्या करून सुईदोऱ्याने ओवलेल्या. खाली रस्त्यावरून, पंचवीस पायऱ्यांच्या अंतरावरून, जांभळ्या दिव्यांच्या उजेडात त्या दातांसारख्या दिसतात हे मात्र खरं. दाताची खरी गोष्ट एवढीच, की एकदा रेल्वे फाटकावर बस उसळली आणि एका मुलाचा हलणारा दात पुढच्या सीटवर आपटून पडला. मिस एल्डाने तो काड्यापेटीत घातला आणि संध्याकाळी त्याच्या आईच्या हातात नेऊन दिला. एक दात, तोही परत केलेला. गावाने त्याचे दोनशे सहा केले.

मिस एल्डा बाहत्तर वर्षांची आहे. बुटकी, रुंद, आणि आवाज खडीवरून ट्रक उतरावा तसा. वाक्याच्या शेवटी ती ब्रेक लावते. आणि बोलताना तुमच्याकडे बघत नाही, तुमच्या डोक्यावर जरा उजवीकडे बघते, कारण एकतीस वर्षं सगळी माणसं तिने तिथल्या आरशात बघितली. स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसलं तरी आपण मागच्या सीटवर आहोत असंच वाटतं. मी दारातून काही बडबडत आत शिरले की ती म्हणते, "बूड टेक, मग तोंड उघड." हे वाक्य मी तिच्या आवाजात हुबेहूब काढते. शाळेच्या कँटीनमध्ये मी ते काढलं की अकरावीतली धिप्पाड पोरंसुद्धा आधी खाली बसतात आणि मग हसतात.

तिच्या झाडाचं काम सप्टेंबरमध्ये सुरू होतं. पहिल्या मोठ्या वाऱ्यानंतर ती डोंगरावरच्या जुन्या सफरचंदाच्या बागेत जाते आणि पडलेली फांदी आणते. जिवंत झाडाची कधीच तोडत नाही. फांदी कोपरापासून बोटांपर्यंतच्या हातासारखी हवी, वाकडी, आणि बोटं भरपूर. ती तळघरात घर तापवायच्या भट्टीशेजारी तीन आठवडे वाळते, मग सुरीच्या पाठीने साल निघते, मग मांस भाजायच्या शेगडीचा उरलेला काळा रंग. बूड कॉफीच्या डब्यात प्लास्टर ओतून पक्कं करायचं. प्लास्टर घट्ट होईपर्यंत ती फांदी दोन्ही हातांनी सरळ धरून उभी राहते आणि तेवढ्यात मी तिच्या नाकाला खाज सुटल्याची आठवण करून देते.

"तुला बसमधून उतरवायला हवं होतं," ती म्हणते. "पहिलीतच."

मग सजावट. बसच्या फाटलेल्या सीटांचं हिरवं रेक्झिन तिने जपून ठेवलंय, त्याची वटवाघळं कापते. अक्रोडाच्या टरफलांची घुबडं. कॉफी गाळायच्या कागदाची भुतं, त्यांना पेनाने डोळे. आणि मधेमधे बसमध्ये राहून गेलेल्या, कोणी मागायला न आलेल्या वस्तू. एकेकटे हातमोजे, बटणं, एक शिट्टी, एक प्लास्टिकचा डायनासोर, चष्म्याची एक काडी. शेवटी बियांच्या माळा आणि जांभळे दिवे. पूर्वी हे झाड बसमध्येच असायचं, तिच्या सीटमागे पट्ट्याने बांधलेलं. आठवडाभर आम्ही त्याच्याकडे बघत शाळेत जायचो. तीन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली आणि झाड घरी आलं.

आणि तीन वर्षांत त्या घराच्या पायऱ्या एकाही मुलाने चढल्या नव्हत्या. दर वर्षी ती मोठ्या चॉकलेटांचे दोन खोके आणायची, पोर्चमध्ये बाक पुसून ठेवायची, आणि दर वर्षी ते खोके नाताळपर्यंत माझ्या घरी संपायचे. मी तक्रार करत नव्हते. पण या ऑक्टोबरात माळ ओवताना ती सहज बोलावं तसं बोलली.

"यंदा कोणी आलं नाही तर हे शेवटचं. फांदी परसातल्या पिंपात जाळायची, वस्तू चर्चच्या सेलला."

"डायनासोरसुद्धा?"

"खिडकीत बसून मी एकटीने काय बघायचं? मला पाठ आहे ते."

सुई बीतून आरपार गेली तशी तिने नाक ओढलं. मी तिच्यापुढे बियांची वाटी सरकवली.

आमच्याकडे हॅलोवीनच्या संध्याकाळी सहाला अग्निशमन केंद्राचा भोंगा वाजतो आणि पोरं सोंगं काढून, पोती-पिशव्या घेऊन घरोघर खाऊ मागायला सुटतात. आठला दुसरा भोंगा, मग सगळे घरी. नोकरीत असताना मिस एल्डा हे दोन तास हायवेच्या फाट्यावर 'थांबा'ची पाटी घेऊन उभी असे, पोरांना रस्ता ओलांडून द्यायला. त्यामुळे स्वतःच्या दारात बसून चॉकलेट वाटायचा तिला अनुभव नव्हता. हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

साडेसहा वाजले तरी कोणी नाही. ती आत झाडाशी खुर्चीवर, कढत सफरचंदाचा रस घेऊन. मी बाहेर अंधारात पोर्चच्या झोपाळ्यावर. खाली रस्त्यावर तिघं थांबली, वर बघितलं, बोलली, पुढे गेली. मी धावत आत गेले, कारण असला माल ताजा असतानाच वाढायचा असतो.

"तिघं होती," मी म्हटलं. "ब्रॉक अंतराळवीर झालाय, डोक्यावर मासे ठेवायची काचेची हंडी." आणि मी ब्रॉक झाले. "वर दोनशे सहा आहेत. मी मोजलेत." मग कंबरेवर हात ठेवून मधमाशी झालेली त्याची बहीण. "मोजायला गेला होतास तर तुझे कसे राहिले रे?"

मिस एल्डा रस सांडेपर्यंत हसली. मग आरशात बघतात तसं माझ्या डोक्यावर बघून म्हणाली, "आणि तिसरं?"

"कोण तिसरं?"

"तिघं म्हणालीस. बोलली दोघं."

"एक चिमुरडा होता, पुठ्ठ्याचा ट्रॅक्टर झालेला. तो काही खास बोलला नाही."

"बसमध्ये मारामारी झाली की जो काही खास बोललेला नसायचा, मी आधी त्यालाच विचारायचे. काय म्हणाला?"

त्यात हशा नव्हता म्हणून मी ते गाळलं होतं. आता काढलं, जसंच्या तसं, सर्दीच्या नाकासकट. "दिवा बंद आहे. चला पुढे."

"कुठला दिवा?"

"दारावरचा."

टॅनर्स गॅपमध्ये चालायला न शिकलेल्या पोरालाही हे कळतं. दारावरचा दिवा लागलेला असेल तर या घरात खाऊ आहे. बंद असेल तर घंटा वाजवायची नाही, आत कोणी आजारी असेल, झोपलं असेल, किंवा त्यांना नको असेल. बाहेरचा दिवा लावला की खिडकीच्या काचेवर पिवळा उजेड पडतो आणि झाड नीट दिसत नाही, म्हणून मिस एल्डाने तीनही वर्षं तो मालवून ठेवला होता. काचेतून बघायचं तर नको तिकडचा दिवा आधी बंद, ही ड्रायव्हरची सवय.

"अख्खं झाड पेटलंय की खिडकीत," ती म्हणाली. "ते दिसत नाही त्यांना?"

"झाड घरात आहे. दिवा दारावरचा लागतो, मिस एल्डा. तुम्हीच शिकवलंत."

हेही खरं होतं. दर वर्षी हॅलोवीनच्या आदल्या दिवशी फाटकाशी बस थांबवून ती सगळ्यांकडून वदवून घ्यायची. "दिवा असेल तरच," ती म्हणायची, आणि चाळीस पोरं ओरडायची, "पायरी चढायची." ती आता ते ओरडणं मनात ऐकत होती हे तिच्या तोंडावरून कळत होतं.

"म्हणजे तीन वर्षं गुणी पोरं माझंच ऐकत होती," ती म्हणाली.

"दिव्याचं निमित्त आहे हो. खरं कारण दात. दिवा लावलात तरी कोणी यायचं नाही."

"पैज?"

"पैज. आठच्या भोंग्यापर्यंत वीस आली तर तुम्ही जिंकलात."

"मी हरले तर माझं बसचं जाकीट तुझं. तू हरलीस तर थँक्सगिव्हिंगपर्यंत माझा आवाज काढायचा नाही. कँटीनमध्येसुद्धा."

तिला कँटीनचं माहीत होतं हे मला तेव्हा कळलं. तिचं ते पिवळ्या पट्ट्यांचं जाकीट मला पाचवीपासून हवं होतं, म्हणून मी हात पुढे केला.

तिने बटण दाबलं. काचेवर पिवळं पसरलं, अर्धं झाड दिसेनासं झालं, आणि तिने दाढ दुखावी तसं तोंड केलं.

पाच मिनिटांनी पायऱ्यांवर पावलं वाजली. तीच तिघं, परत फिरून आलेली. ब्रॉक सगळ्यांत मागे होता. दार उघडताच मधमाशीने विचारलं, "खाऊ नंतर द्या. दात कुठेत?"

"बूड टेक, मग तोंड उघड."

तिघं बाकावर बसली. तिने झाड डब्यासकट उचलून पोर्चमध्ये आणलं, दिव्याखाली. ब्रॉकने हंडी काढली, एक माळ नाकाजवळ धरली, आणि त्याचं तोंड असं पडलं की मला त्याची दया आली.

"या तर बिया आहेत."

"खाऊन बघ."

त्याने एक चावली. "मीठ नाही," तो म्हणाला, आणि दुसरी घेतली.

पुढचं मी सोडूनच द्यायला हवं, कारण मी हरत होते. ती तिघं खाली जाऊन ओरडली की वर दात बघू देतात, चावूसुद्धा देतात. आम्हाला वाटत होतं अफवेने पोरं पळतात, ती तर पायरीपाशी येऊन दिव्याची वाट बघत होती. आता रांग लागली. प्रत्येक जण आधी दात मागायचा, मग बसायचा, मग खट्टू व्हायचा, मग बी खायचा. पावणेआठला एका चेटकिणीला घेऊन तिचा बाप आला, ट्रॉय, गावात छपरं घालतो. तो झाडासमोर वाकला आणि हळूच म्हणाला, "मिस एल्डा, ही शिट्टी माझी आहे."

"तिसरी सीट, डावीकडची. चौथीत होतास. मागायला का आला नाहीस?"

"तुम्ही ओरडाल म्हणून."

"ओरडलेच असते. घे आता."

त्याने शिट्टी फांदीवरून काढली, पोरीला दाखवली, आणि परत लावली. "इथेच असू दे," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी हिला परत दाखवेन."

मिस एल्डाने त्याच्या डोक्यावर जरा उजवीकडे बघितलं.

दुसरा भोंगा झाला तेव्हा चॉकलेटचा एक खोका रिकामा होता आणि माळांवर बिया मोजक्याच उरल्या होत्या. अडतीस मुलं. मी दोनदा मोजली होती, दुसऱ्यांदा तान्ही वगळून, तरी पस्तीस. तिने झाड आत नेलं आणि डबा हलवून बघितला.

"पुढच्या वर्षी मोठा डबा लागेल," ती म्हणाली. "आणि फांदीला बोटं जास्त. तू येशील वर बागेत?"

"बूड टे..." मी सुरू केलं, आणि तिने एक बोट वर केलं.

आज त्याला अकरा दिवस झाले. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगला अजून बरेच आहेत. कँटीनमध्ये सगळे म्हणतात, मिस एल्डा कर ना, एकदाच, आणि मी तोंडात सँडविच कोंबते. जाकीट तिच्या दाराआडच्या खुंटीवरच आहे. आवाज काढायचा नाही एवढंच ठरलं होतं, लिहायचं नाही असं काही ठरलं नव्हतं.