चुन्याच्या हौदातले तीन दिवस

सुखदेव गुरुजी गेल्याचा निरोप एसटीडीवाल्यानं आणून दिला, तेव्हा मी तीर्थपुरीच्या बाजारात चार माणसांना किस्सा सांगत होतो. मी किस्सा पुरा केला, हशा वसूल केला आणि मगच उठलो. महिना झाला, त्या हशाची मला अजून शिसारी येते...

सुखदेव माझ्या वर्गातला. त्याचं घर गंगेच्या काठी, कातडं कमावणाऱ्यांच्या आळीत. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. दारात चुन्याचे हौद, त्यात भिजणारी कातडी, बाजूला कातडं कमवायला लागणाऱ्या तरवडाच्या सालीचा ढीग. वारा फिरला की गाव खिडक्या लावून घ्यायचं, आणि त्याच कातड्याच्या वहाणा घालून देवळाच्या पायरीपर्यंत जायचं. सुखदेव पुढं मास्तर झाला. नव्वद सालानंतर तो शाळेच्या पोरांना, पाहुण्यांना घेऊन काठाकाठानं चालायचा. निजामाच्या शेवटच्या काळात पळून जाणारी माणसं नावेत कुठं बसली, निरोप कोणत्या घरी पोचले, सगळं दाखवायचा. शेवटचा थांबा आमची गढी. तिथं ग्रामपंचायतीची पाटी आहे : माझे आजोबा दोन साथीदारांसह तीन दिवस इथल्या तळघरात लपले होते.

गढीला तळघर नाही. गोवऱ्यांनी भरलेलं एक जुनं धान्याचं पेव तेवढं आहे. त्या पेवाच्या तोंडाशी उभा राहून मी प्रयोग लावायचो. शिपायांचे बूट मीच वाजवायचो, आजोबांचं भाषण मीच ठोकायचो. पाहुण्या बायका डोळे पुसायच्या. परतताना सुखदेव हसत म्हणायचा, "मालक, तुमचे आजोबा लई मोठ्यानं बोलायचे. लपलेला माणूस एवढं बोलतो का?"

खरं काय ते त्याला आईकडून कळलं होतं, मला आजोबांकडून. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी सांगून टाकलं होतं. ते तिघं सुखदेवच्या आईच्या, राहीबाईंच्या, एका रिकाम्या हौदात बसले होते आणि वरून ओली कातडी पसरली होती. झडती घेणारे शिपाई नाकाला रुमाल लावून आळीच्या तोंडावरूनच मागं फिरले. दोन्ही वेळच्या जेवणाला राहीबाई कातड्याखालून भाकर सरकवायच्या. चौथ्या दिवशी आजोबा बाहेर आले ते थेट गंगेत उतरले. राख आणि माती लावून अंग घासलं, धोतर जाळलं. त्यानंतर राहीबाई काही कामानं गढीवर आल्या, तर पायरीच्या खाली उभ्या. आजोबा मरेपर्यंत उभ्याच. "भाकर गोड होती रे," आजोबा मला म्हणाले, "पण कोणाला सांगू नको." हौदाचा वास मी लहानपणापासून ओळखतो, त्याचं काही वाटत नाही. त्या अंघोळीची मात्र किळस येते.

एकदा पाहुणे पांगल्यावर सुखदेवनं मला काठावर थांबवलं. "मालक, एकदा गावासमोर म्हणा. पाटी हौदापाशी येऊ द्या, आईचं नाव येऊ द्या. मी म्हणलो तर लोक म्हणतेत, मास्तर घरचंच कौतुक करून राह्यला. तुम्ही म्हणले तर बराबर बसंल."

"बघू," मी म्हणालो. पुढच्या पाहुण्यांपुढं मी पुन्हा पेवाच्या तोंडाशीच भाषण ठोकलं. त्या दिवशी सुखदेव हसला नाही.

शोकसभा शाळेच्या पटांगणात झाली. त्याच्या घरचा चहा "आत्ताच झाला" म्हणून वर्षानुवर्षं टाळणारे झाडून हजर होते. हार घातले, गळे काढले. सरपंच म्हणाले, गुरुजींच्या नावानं बाग करू. माझं नाव पुकारल्यावर लोक सरसावून बसले, किस्सा येणार म्हणून. मी म्हणालो, "माझे आजोबा गढीत लपले नव्हते. राहीबाईंच्या हौदात होते. मला शाळेत असल्यापासून माहीत आहे."

पुढच्या रांगेतले एक काका हळूच बोलले, "ह्याची गंमत चालूच."

सरपंच म्हणाले, "आप्पा, दुखवट्याच्या टायमाला हे काय काढून राह्यले? बसा जल्दी."

मी बसलो. सभा संपल्यावर सुखदेवची बायको, कौसल्यावहिनी, समोर येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, तुमचं बोलणं गाव हसण्यावारी नेतं. तुम्हीच तशी सवय लावली. पंचायतीला लिहून द्या."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. सुखदेवच्या टेबलाशी बसलो, त्याच्या शाईनं लिहू लागलो. पहिल्याच ओळीत मी गंगेच्या पाण्याला कसलीशी उपमा दिली, आणि 'एका थोर मातेनं आसरा दिला' असं लिहिलं. वहिनींनी वाचलं आणि कागद परत माझ्यापुढं सरकवला.

"थोर माता कोण? नाव न्हाई का त्यांना?"

उपमा खोडली. राहीबाईंचं नाव लिहिलं, आडनावासकट. त्या आडनावानं आळी कळते, म्हणून गावात ते कोणी मोठ्यानं घेत नाही. खाली माझी सही केली.

"आता तुमच्या आजोबांचं नाव बी लिहा," वहिनी म्हणाल्या. "सासूबाईंच्याच ओळीत."

लिहिलं.