पिवळा सासरा

गेल्या हिवाळ्यात मी दोन महिने पिवळा होतो.

त्याचे असे झाले. सिंदी रेल्वे या गावच्या एका आरोग्य शिबिरात डॉक्टरीणबाईंनी सांगितले, की रंगीत भाज्या-फळांत अँटिऑक्सिडंट असतात, ती शरीराच्या पेशी गंजू देत नाहीत आणि म्हातारपण धडधाकट जाते. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे ऐकून मी हुरळलोच! मुलीला, पल्लवीला, स्थळे येत होती आणि मांडवात मला कुणी नवरीचा आजा समजू नये एवढीच माझी माफक इच्छा होती. बाईंनी सांगितल्या होत्या सगळ्या रंगांच्या भाज्या, थोड्या थोड्या. पण आमच्या वावरात तेव्हा निघत होती नुसती गाजरे. मग सकाळी गाजर, दुपारी गाजर आणि संध्याकाळी (बदल म्हणून) गाजराचा रस.

महिन्याभरात तळहात पिवळे झाले. बायकोने, मंदाने, मला अंगणात उन्हात उभे करून निदान केले, “कावीयच हाये.” भूक तर मला दुप्पट लागत होती, पण ऐकते कोण? तिने माझे तेल-तिखट बंद केले आणि ती काविळीवर गुणकारी म्हणून रोज एक अख्खी पिकलेली पपई पुढ्यात ठेवू लागली. या औषधाने नाकसुद्धा पिवळे झाले!

दवाखान्यात जाणार, तोच निरोप आला की मुलाकडचे उद्याच येतात. मुलगा सावंगीकडे एका लॅबमध्ये रक्त तपासायचा. त्याचा फोटो पाहिल्यापासून पल्लवी घरात गुणगुणत होती. ती हळूच म्हणाली, “बाबा, मले हे स्थळ पसंत हाये. तुम्ही फक्त हात बाहेर काहाडू नका.” तिचा चेहरा पाहून मी लगेच शाल शोधून काढली.

मी शालीत हात गुंडाळून बसलो. सगळे सुरळीत चालले होते. तेवढ्यात मुलाच्या आईने पेढ्यांचा पुडा पुढे केला. तो काय तोंडाने घेऊ? हात बाहेर आले. त्या बाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि घरात कावीळ आहे का, असे विचारले. पल्लवीची मान आणखी खाली गेली. आपल्या हावरटपणापायी पोरीचे जमलेले मोडतेय, या विचाराने मला घाम फुटला.

मुलगा उठला तो सरळ माझ्याकडे. त्याने माझी खालची पापणी ओढून पाहिली.

“डोये तं पांढरेशुभ्र हायेत. काका, गाजरं किती खाता?”

“दिवसाले दोन किलो,” मी खरे सांगितले. “वरून पपई.”

“आई, कावीय नाई हे. गाजराचा रंग चढला हाये. खानं बंद केलं का उतरते.”

पल्लवी खुदकन हसली. मुलाने तिच्याकडे पाहिले आणि पाहतच राहिला. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

महिन्याभरात, माझा रंग पुरता उतरायच्या आतच, लग्न निघाले. हळदीच्या दिवशी विहीणबाई वाटी घेऊन एकेकाच्या गालाला हळद लावत माझ्यापाशी आल्या, मला नीट न्याहाळले आणि न थांबता पुढच्या पाहुण्याकडे गेल्या. एकुलत्या एका लेकीच्या लग्नात मला हळद म्हणून लागली नाही. लावायला जागाच उरली नव्हती!