दारापुढं बाकडं असलेलं घर

चाळिशीला टेकलेल्या, कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवणाऱ्या बाईनं कॉम्प्युटरवर तलवार घेऊन हिंडावं, हे आमच्या बीडमध्ये चारचौघांत सांगण्यासारखं नाही. नवऱ्याला तेवढं ठाऊक आहे. तो माजलगावकडं साखर कारखान्यावर नोकरीला. गाळप सुरू असलं की रविवारीच घरी येतो. बायको घरात बसून राक्षस मारते यात त्याला काही वावगं वाटत नाही. "बाहेर कुणाला मारत न्हाई तवर ठीक हाय," म्हणतो.

खेळ जादूचा, डोंगरदऱ्यांचा. आपण एक लढवय्यी बाई व्हायचं, गावोगाव फिरायचं आणि कुठंतरी घर करायचं. खेळात आयती मिळणारी घरं मला कधी पसंत पडली नाहीत. पण जगभरचे हौशी खेळाडू स्वतः घरं रचून इंटरनेटवर फुकट ठेवतात. त्यांना मॉड म्हणतात. उतरवून घ्यायचं आणि आपल्या खेळात बसवायचं. अशी घरं इतकी, की निवडता निवडता खेळायचंच राहतं. खरं सांगायचं तर मला खेळण्यापेक्षा निवडणंच जास्त आवडतं.

गेल्या थंडीत आबा, म्हणजे माझे वडील, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नेकनूरकडच्या आमच्या गावाहून माझ्याकडे आले. आई नाही, मी एकुलती एक, शेत बटईनं लावलेलं. गुडघा वळायला लागला, ऊन तापायला लागलं, आणि मला वाटत होतं की त्यांनी आता इथंच राहावं. पण लेकीच्या घरी बापानं मुक्काम ठोकायचा नसतो, ही त्यांची रीत. जुनी माणसं तर लेकीच्या घरचं पाणीही पीत नसत. आबा पाणी पीत, जेवतही, पण पाहुण्यासारखे. वाढलं तेवढंच, मागून काही नाही. बसायचे ते दारालगतच्या खुर्चीवर. कपड्यांची पिशवी खुंटीला, कायम भरलेली. धुतलेलं धोतर वाळलं की घडी पुन्हा पिशवीत. मी कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला, तर माझं मन राखायला त्यात नुसता चष्म्याचा डबा ठेवला. गावाकडून फोन आला की सांगत, "लेकीकडं आलोय, दोन दिस." ते दोन दिस एखाद्या सकाळी संपतील याची मला धास्ती असे.

दुपारी क्लास नसायचा. एकदा मी घरं चाळत बसले होते.

"काय बघती गं माय?"

"घर बघतेय, आबा."

हे त्यांना लगेच कळलं. स्थळ बघणं आणि घर बघणं, ही आमच्याकडची दोन मोठी कामं. काठी टेकत, खुर्ची ओढत ते माझ्याजवळ आले.

झाडावरचं घर दाखवलं. "गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस चढंल का?" तळ्याखालचं काचेचं घर दाखवलं. "वल येणार. लई वल." कड्यात कोरलेला महाल दाखवला, जो मला मनापासून आवडला होता. "चुलीचा धूर कुठून जातो?" वर, "ही बाई पायताण काढत न्हाई का? थेट सैपाकघरात?"

"आबा, तुमी वरमाईवानी नावं ठेवायलात."

"घर हाय ते. बघून घ्यावं लागतं."

तरी मी हट्टानं महालच बसवला. माझ्या लढवय्यीबरोबर एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा सोबती असतो. जाईल तिथं मागं येतो. महाल रचणाऱ्यानं प्रत्येक तलवारीला भिंतीवर जागा दिली होती, पण सोबत्याला बसायला कुठंच दिली नव्हती. त्यामुळं तो उंबऱ्यात उभा. मी आत जाताना त्याला धडकायचे, बाहेर येतानाही.

"ह्यो कावून उभा हाय?"

"त्याला बसायला जागाच दिली नाही, आबा."

"मग जाऊ दे की त्याला त्याच्या घरी."

"त्याला दुसरं घर नाही. हेच."

मी सहज बोलून गेले होते, पण बोलल्यावर दारालगतची रिकामी जागा दिसली, जिथं रोज त्यांची खुर्ची असे.

मग आबांनीच बोट दाखवून यादीतलं एक घर निवडलं. रस्त्याकडेची लाकडी खोपटी, आणि दारापुढं एक बाकडं. "हे घे. दाराम्होरं बसायला हाय."

"एवढ्याशा घरात तलवारी कुठं ठेवू?"

"पलंगाखाली सार."

मला महालही सुटेना. मी दोन्ही ठेवले. पण दोघाही रचणाऱ्यांनी नदीचं एकच वळण निवडलेलं. खेळ उघडला तर महालाच्या भिंतीतून खोपटीचं छप्पर बाहेर आलेलं, बाकडं अर्धं दगडात गाडलेलं. आबा गुडघा धरून हसले.

"ही तर भाऊबंदकी झाली. मग जागा कुणाची?"

"जे घर नंतर बसवलं, त्याचं चालतं."

"आमच्यात पयला बसला त्यो हालत न्हाई. मोजणी आणण्यापरीस एक काढून टाक."

मी महाल काढला. जिवावर आलं, खोटं कशाला बोलू.

खोपटीत शिरले, तर सोबती मागं आला नाही. वळून पाहिलं; तो बाकड्यावर बसला होता, हात मांडीवर, तोंड रस्त्याकडं. पहाऱ्यावरचा एक शिपाई जाता जाता थांबला आणि त्याच्याशी बोलला. आबा बराच वेळ बघत राहिले.

"बसला," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी विचारलं, "माय, खाली गेटापाशी एक बाकडं टाकलं तर कुणी काय म्हणंल का?" इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं. मला इतका आनंद झाला की मी भरल्या कपात आणखी चहा ओतला.

रविवारी नवऱ्यानं ओळखीच्या सुताराकडून बाकडं आणून गेटापाशी कडुलिंबाखाली ठेवलं. आबा सकाळ-संध्याकाळ खाली जाऊ लागले. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोरानं कोचिंगला दांडी मारली, सगळं मला त्यांच्याकडून कळू लागलं. माझ्याच विद्यार्थ्यांबद्दलसुद्धा.

एका संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होते. खाली एक नवीन फळवाला गाडा थांबवून आबांना विचारत होता, "पाव्हणं, कुणाकडं आलात?"

"पाव्हणा न्हाई बाबा," आबा म्हणाले. "इथलाच हाय. वरलं घर आपलंच हाय. खरबूज गोड निघंल का ते सांग."

मी त्यांचं धोतर दोरीवरून काढलं, घडी घातली आणि भीतभीतच कपाटातल्या त्यांच्या कप्प्यात ठेवलं. सकाळी उघडून पाहिलं, तर ते तिथंच होतं, आणि त्याच्यावर त्यांचे दोन सदरेही होते.