आधी भांडण सांगा

भूमच्या तहसीलसमोर करारनामे टाइप करणारे ते गृहस्थ गिऱ्हाइकाला नाव नंतर विचारतात, आधी भांडण विचारतात. मेहुणा आणि मी भागीदारीत खव्याची भट्टी टाकणार म्हणून पेढे घेऊन गेलो. त्यांनी पेढा तोंडात टाकला अन् विचारलं, "फाटलं तर भट्टी कुणाची?"

"दाजीत अन् माझ्यात कशाला फाटंल?" मेहुणा दुखावला.

"समदे असंच म्हणत्यात. बोला."

भट्टी कुणाची, पाटीवर नाव कुणाचं, यावरून आम्ही तिथंच असे पेटलो की चहावाला लांब सरकला. ते मात्र आमच्या शिव्या गाळून शांतपणे एकेक कलम टाइप करत होते.

"आता पंच कोण?"

यावर आमचं लगेच एकमत झालं. माझी बायको, म्हणजे त्याची सख्खी बहीण.

त्यांची बोटं थांबली. चष्म्यावरून माझ्याकडं बघत ते म्हणाले, "दाजी, मग तुमची सही कशाला पायजे?"