बंडीच्या खिशातली चिठ्ठी

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचं धाडस करतोय, चुकलं तर माफ करा. बशीतला चहा दिसला की साक्रीजवळचं आमचं घर आठवतं. माझे चुलते, नाना, कंपवातासाठी मुंबईत मेंदूचं ऑपरेशन करून परतले होते. कित्येक वर्षांनी थेंबही न सांडता त्यांनी बशीतून चहा प्यायला. मग माझ्याकडे पाहून अडखळले, "तुनं... तुनं नाव काय शे?"

"नानाले मुंबईनी हवा लागनी!" मी म्हणालो. सगळे हसले. नाना मात्र रिकाम्या बशीकडे बघत राहिले. अशा ऑपरेशनने नावं, शब्द हरवू शकतात, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं?

पुढे कॉलेजसाठी मी राहत होतो त्या देवपूरच्या खोलीवर काकूंचं पत्र आलं. नाना गेले होते. त्यांच्या बंडीच्या खिशात एक चिठ्ठी सापडली होती. तिच्यावर त्यांनी स्वतः, जराही न थरथरलेल्या अक्षरात, माझं नाव लिहून ठेवलं होतं.